दहा पावलांवरून

१२ फेब्रुवारी

बारक्या,

अप्पा गेले त्या दिवशी तू सगळं आटोपल्यावर आलास आणि सरळ मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलास. चांगली वीस मिनिटं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, कारण तुला पाणी न्यावं की नको हेच माझं ठरत नव्हतं. नऊ वर्षांनी घरी आलेल्या भावाला पाणी द्यायलाही धीर लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी पेला घेऊन आले तर तू विचारलंस, "पेट्या कुठायत?" मी म्हटलं, "दिल्या. झाली की आठ वर्षं." तू म्हणालास, "का?" मी म्हटलं, "वय झालं होतं त्यांचं."

पाणी न पिता तू गेलास.

वयाचं मी खोटं सांगितलं. अप्पांचं वय कधी झालंच नाही. गेल्या वर्षापर्यंत ते गच्चीवर चढून पाण्याची टाकी घासत होते आणि मी खाली शिडी धरून त्यांना शिव्या घालत होते. त्यांना ऐकू येत नसल्यामुळे मला मनसोक्त घालता यायच्या.

मधमाशांच्या सातही पेट्या त्यांनी चिमणीसाठी दिल्या. तुझ्या लेकीला माशा चावल्या, त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू सगळ्यांच्या देखत म्हणाला होतास, "एक तर पेट्या ठेवा, नाही तर नात. काय ते ठरवा." ठरवायला त्यांना पाच महिने लागले असं तू म्हणशील. तसं नाही. ठरवलं त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या. पण मधाने भरलेल्या पेट्या भर मोसमात हलवल्या तर आतली पोळी तुटतात आणि माशा त्यात बुडून मरतात. म्हणून मोसम सरू दिला आणि मग सगळं ड्रायव्हरकाकांकडे पोचवलं, म्हणजे आपल्या कारखान्याची बस चालवायचे ते. धूर करायचा डबा, हातमोजे, मी शिवलेल्या तोंडावरच्या जाळ्या, सगळं गेलं. मागे फक्त विटा राहिल्या. त्या दिवशी तू त्यांच्यावरच उभा होतास.

हे तुला कळवायचं राहून गेलं.

शेवटच्या आठवड्यात अप्पा मला म्हणाले, "त्याला पत्र लिही. फोन नको." म्हणून लिहितेय. फोन केला असता तर तू "हं" म्हणाला असतास, मी "बरं" म्हणाले असते, आणि आपण दोघांनी सुटकेचा श्वास टाकला असता.

चिमणी आता चौदाची असेल. उंची किती झाली? मी अजून शाळेचे गणवेश शिवते, त्यामुळे रस्त्यात चौदा वर्षांची पोर दिसली की डोळे आपोआप तिचं माप घेतात.

तायडी


१९ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तराची मी वाट बघत नाहीये. पोस्टमन येतो तेव्हा मी फाटकापाशी असते, ते झाडून घेण्यासाठी. आठवड्यात फाटक इतकं स्वच्छ झालंय की पोस्टमनच चपला काढून येईल.

लोक येऊन जातायत. अप्पांबद्दल जे काही बोलतात ते ऐकून मला वाटतं, ही मंडळी चुकून आपल्या घरी आली. "फार शांत माणूस," म्हणतात. शांत कसला? ऐकू येत नव्हतं म्हणून गप्प बसायचे. साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं कढईवर उभं राहिल्यावर, घोटायच्या यंत्राचा तो खडखडाट रोज आठ तास कानात ओतून घेतल्यावर, कोणीही शांत होईल.

कान गेले, पण नाक शाबूत राहिलं. ते नाक लोकांना ठाऊकच नाही. चरबी आणि कॉस्टिक सोडा उकळताना साबण जमला की नाही हे बाकीचे लोक उलथन्यावर घेऊन बघायचे. अप्पा दारातून वास घेऊन सांगायचे, "अजून वीस मिनिटं." साहेब लोक घड्याळ लावून बघायचे आणि तोंडात मारल्यासारखे परत जायचे.

तू सोळाव्या वर्षी पहिली सिगारेट ओढून आलास तो दिवस आठवतो? बडीशेप खाल्लीस, हात धुतलेस, शर्ट बदललास, वर तोंडाला पावडर लावून जेवायला बसलास. अप्पा घास घेता घेता म्हणाले, "हा साबण आपल्या कारखान्याचा नाही. कोणाकडे जाऊन ओढलीस?" आईला हसू आवरेना आणि तुला घास गिळवेना. मार मात्र मिळाला नाही. अप्पांनी कधी हात उचलला नाही. नाकानेच त्यांचं भागत असे.

माशा कशा आल्या तेही मी लोकांना सांगत नाही, मनातल्या मनात उगाळत बसते. कारखान्याच्या बंद पडलेल्या झरोक्यात पोळं लागलं होतं. ते जाळायला मशाल आणली होती. अप्पा जेवणाच्या सुट्टीत वर चढले आणि साबणाच्या खोक्यात पोळं भरून, ते मांडीवर घेऊन बसने घरी आले. त्या दिवशी अख्खी बस पुढच्या दाराशी गोळा झाली होती आणि मागे एकटे अप्पा. ड्रायव्हरकाका तेव्हापासून दोस्त. दुसऱ्या दिवशी सगळ्या माशा पसार. खोक्याला साबणाचा वास येत होता ना! मग साध्या लाकडाची पेटी केली. तेव्हापासून अप्पांनी अंगाला साबण लावणं सोडलं. आई सगळ्यांना सांगायची, "हे जगाला साबण पुरवतात आणि स्वतः नुसत्या पाण्याने उरकतात."

आणि ती बढती. लहान मुलांसाठी तो पिवळा साबण निघाला, पिकल्या केळ्याच्या वासाचा. अप्पांना त्या विभागात मुकादम करणार होते. अप्पा साहेबांना म्हणाले, "नको साहेब, मला माशा चावतील." साहेबांना वाटलं हा माणूस थट्टा करतोय. थट्टा नव्हती, हे तुला-मला माहीत आहे. माशी नांगी मारते तेव्हा एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, आणि त्या वासावर बाकीच्या धावून येतात. म्हणून आपल्या घराचा एकच कडक कायदा होता. घरात केळं आणायचं नाही. आपण केळी खाल्ली ती शाळेत, दुसऱ्यांच्या डब्यातली. डब्यात केळं आणणाऱ्या पोरांशी तू किती प्रेमाने वागायचास.

कानाने दगा दिल्यावर अप्पा पेटीला तळहात लावून उभे राहायचे. आतली गुणगुण हाताला कळते म्हणायचे. राणी नसली की हाताला वेगळं लागतं, माशा चिडल्या की वेगळं. मीही एकदा हात लावला. मला फक्त लाकूड लागलं. "घाई करतेस," म्हणाले.

आज इथेच थांबते. पुढचं लिहायचं आहे, पण शिवण पडलंय.

तायडी


३ मार्च

बारक्या,

शिवण पडलं नव्हतं. दोन आठवडे मी हे पत्र लिहून फाडतेय. आज लिहून लगेच टाकणार आहे, वाचून बघणार नाही. चुका असतील तर असोत.

तो रविवार तुला ऐकून माहीत आहे. तू आणि तुझी बायको सकाळी बाजारात गेला होतात. चिमणी माझ्याजवळ होती. पाच वर्षांची, आणि भुकेची वेळ झाली की नाकाच्या शेंड्यावर राग. तिने काहीच खाल्लं नाही. दूध सांडलं, ताटली ढकलली. मग तिला आठवलं की तुमच्या प्रवासाच्या पिशवीत केळी आहेत. गाडीत घेतलेली दोन उरली होती. ती पिशवी ओढत माझ्याकडे घेऊन आली.

मला कायदा माहीत होता. तुझ्यापेक्षा जास्त माहीत होता, तू तर कधीच घर सोडून गेला होतास. अप्पा तेव्हा मागे पेट्या उघडून बसले होते हेही मला दिसत होतं. पण मला वाटलं, एक तर केळं आहे. घरात बसून खाईल, मी हात धुवीन, कोणाला पत्ता लागणार नाही. खरं सांगू? मला तिचं लाडकं व्हायचं होतं. तुम्ही वर्षातून आठ दिवस येणार, त्यातले दोन ती मला ओळखण्यातच घालवणार. ती पिशवीत हात घालून माझ्याकडे बघून हसली आणि मी विरघळले.

अर्धं केळं खाल्लं तिने. बाकीचं मुठीत. तेवढ्यात चहा उकळला. अप्पांना हाक मारून उपयोग नसतो, कोणीतरी जाऊन सदरा ओढावा लागतो. मी म्हटलं, "जा गं चिमणे, आजोबांना सांग चहा झाला." ती पळाली. हात धुवायचे विसरले, बारक्या. तिचं अर्धं केळं ओट्यावर ठेवून घेतलं आणि हात धुवायचे विसरले.

ती ओरडली ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. अप्पा तिच्यापासून हातभर अंतरावर होते आणि त्यांना ऐकू आलं नाही. त्यांची पाठ होती. माशा एकदम तिकडे वळल्या हे त्यांना दिसलं म्हणून ते वळले. अंगातला सदरा काढून तिला गुंडाळली आणि रस्त्याकडे धावले. त्यांना स्वतःला किती चावल्या ते कोणी मोजलंच नाही.

गाडी मिळेपर्यंत आम्ही रस्त्यात उभे होतो. तिचे ओठ निळे पडत चालले होते. अप्पांनी तिचा उजवा हात उचलला आणि नाकाशी नेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

दवाखान्यात तू ओरडलास, "पोरीला पेट्यांजवळ सोडलं कोणी?" मी तोंड उघडणार होते. तू हवं तर विश्वास ठेवू नकोस, पण उघडणार होते. अप्पा म्हणाले, "मी बोलावलं होतं. चूक माझी." मग मी उघडलेलं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धोक्याबाहेर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही दोघं कपडे आणायला घरी आलो. अप्पांनी ओट्यावरचं अर्धं केळं आणि साल उचललं, अंगणात फावड्याने खड्डा केला आणि पुरलं. हात धुतले. साबणाने धुतले. एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

तू बापाचं तोंड पाहणार नाही म्हणालास. न पाहायचं ते तोंड माझं होतं.

तायडी


४ मार्च

बारक्या,

कालचं पत्र टपालपेटीत टाकलं आणि परत येताना पाय हलके होतील असं वाटलं होतं. झाले नाहीत, कारण अजून एक आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, पेट्या दिल्याचं तुला कळवायचं राहून गेलं. राहून गेलं नव्हतं.

पेट्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पा बाजारातून एक डझन केळी घेऊन आले. आपल्या घरात, तीस वर्षांत पहिल्यांदा. टेबलावर ठेवली, एक तोडलं, माझ्यासमोर धरलं. "खा. आता चालतं." मी हातात घेतलं. मला सोलता येईना. ते समोर बसून स्वतः दोन केळी शांतपणे खाऊन उठले आणि म्हणाले, "त्याला कळव. म्हणावं पेट्या गेल्या, पोरीला घेऊन ये."

फोन मलाच करावा लागणार होता. अप्पांना फोनवर काही कळायचं नाही. त्यांचे कान मी होते. बँकेत, दवाखान्यात, शेजारी, सगळीकडे समोरचा बोलायचा ते मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन सांगायची आणि ते माझ्यावर विश्वास ठेवायचे.

मी फोन हातात घेतला. मग विचार आला, तू येणार, चिमणी येणार, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकल्या टाकल्या पोर बोलून जाणार, "आत्याने मला इथे केळं दिलं होतं." मुलं काय विसरतात आणि काय नाही, कोणी सांगावं? मी नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई, आई आधीच गेलेली. हे एक घर, एक बाप, एक भाची. मला वाटलं, आज नको, ती जरा मोठी होऊ दे, विसरू दे.

संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "कळवलंस?"

"हो."

"काय म्हणाला?"

मी म्हटलं, "'बघतो' म्हणाला."

तू कधी न उच्चारलेल्या त्या "बघतो"वर अप्पा साडेआठ वर्षं जगले.

तायडी


२६ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर नाही. यावं असं मी काही केलेलंही नाही. पण अप्पांनी सांगितलेलं काम आहे, ते पुरं करते.

रविवारी मी ड्रायव्हरकाकांकडे गेले. त्यांच्या घरामागे आपल्या सातच्या आता अकरा पेट्या झाल्यात. तुला माहीत नसेल, अप्पा दर रविवारी सकाळच्या बसने तिथे जात. मला वाटायचं हात लावायला जातात, काम करायला. मी कधी विचारलं नाही. काकांनी मला एक दगड दाखवला, बसायला बरा असा, पेट्यांपासून दहा पावलांवर.

"इथे बसायचे," काका म्हणाले. "पुढे एक पाऊल नाही."

"का?"

"मी पण विचारलं. म्हटलं अहो, तुमच्याच पेट्या आहेत, हात लावा की. तर म्हणाले, कपड्यांना लागतं. मेण लागतं, विष लागतं, ते धुऊनही जात नाही. आणि पोरगी कधीही येईल. आज घरी गेलो आणि ती दारात उभी असली, तर तिला उचलून घेता आलं पाहिजे."

बारक्या, ऐकू येत नव्हतं त्यांना. हाताने ऐकायचे ते. दहा पावलांवरून त्यांना काय मिळत असेल? नुसत्या माशा येताना-जाताना दिसत असतील आणि वारा इकडचा असला तर वास. तेवढ्यासाठी साडेआठ वर्षं दर रविवारी बसने जायचे. आणि घरी आले की आधी मोरीत जाऊन आंघोळ करायचे, साबण लावून, कपडे गरम पाण्यात टाकायचे. मी करवादायची, "सकाळी झाली होती ना आंघोळ?" ते फाटकाकडे एकदा बघायचे आणि आत यायचे. दर रविवारी बघायचे. मला वाटायचं, कडी लावली की नाही ते बघतात.

मला इतकं रडू आलं की काका बिचारे माशांवर ओरडायला लागले, जणू त्यांनीच काही केलं.

मग मी विचारलं, अप्पांनी तुम्हाला कधी माझ्या भावाला फोन करायला सांगितलं होतं का? काका म्हणाले, "मीच म्हणालो होतो, दोन-तीनदा. नंबर द्या, मी बोलतो पोराशी. तर म्हणाले, ते तिचं काम आहे. ती करील."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी फोन केला नाही हे त्यांना पहिल्यापासून माहीत असावं. सिगारेट ओळखणाऱ्या नाकाला खोटं ओळखायला किती वेळ लागणार? आता एक गोष्ट सांगते, जी मी स्वतःशीही बोलले नव्हते. पत्र लिही म्हणाले, तेव्हा ते एवढंच म्हणाले नव्हते. मी उशी नीट करत होते. माझं मनगट धरून म्हणाले, "त्याला पत्र लिही. फोन नको. आणि या वेळी नक्की टाक."

या वेळी.

मी कितीदा विचार केला, त्यांनी मला डावलून तुला का बोलावलं नाही. दुसऱ्या कोणाकडून निरोप पाठवला असता तर तू आला असतास, पण मी उघडी पडले असते. तुला बायको होती, पोर होती, घर होतं. मला तेच होते. त्यांनी तुझी वाट बघितली हे खरं, पण त्याहून जास्त माझी बघितली. मी एवढी मंद निघेन असं त्यांना वाटलं नसेल.

मला त्यांची फार आठवण येते. घरात साबणाचा वास नाही, मधाचा नाही, कसलाच नाही. आणि मोठ्याने बोलायची सवय लागलीय, ती जात नाही. एकटीच ओरडून बोलते.

तायडी


९ एप्रिल

बारक्या,

पत्र मिळालं. पोस्टमनने फाटकाशीच दिलं, मी तिथेच उभ्याने वाचलं, मग आत येऊन बसून वाचलं. सात ओळी. तुझं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय.

तू लिहिलंयस, "तायडे, केळ्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. चिमणी शुद्धीवर आली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, आत्याकडे माझं अर्धं केळं राहिलंय, ते मला पाहिजे. अप्पा माझ्या तोंडावर खोटं बोलले आणि तू ऐकत उभी राहिलीस, त्याचा राग होता. तू सांगशील म्हणून थांबलो, मग थांबायची सवय झाली. पेट्यांचं मात्र माहीत नव्हतं. ते कळलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी आलो असतो."

जे झाकायला मी साडेआठ वर्षं उंबरठ्यावर राखण करत बसले, ते तुझ्या खिशातच होतं. मी कोणापासून काय लपवत होते? त्या दवाखान्यात तुला माहीत, अप्पांना माहीत, मला माहीत, आणि तिघंही एकमेकांसमोर चिमणीच्या कपड्यांच्या घड्या घालत बसलो होतो. एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी ते मीच उघडायला हवं होतं. तुझा राग मला मान्य आहे. आणि शेवटचं वाक्य, दुसऱ्या दिवशी आलो असतो. ते मला जन्मभर पुरेल. माफ कर म्हणायचं धाडस होत नाही, तरी म्हणते.

आता तू खाली लिहिलेल्या दोन ओळींबद्दल. सुट्टी लागली की चिमणीला घेऊन येतोस. तिला आजोबांच्या पेट्या बघायच्या आहेत, लांबून, आणि माशी चावलीच तर घ्यायचं इंजेक्शन तिच्या पिशवीत असतं. मी लगेच काकांना विचारून आले. ते म्हणाले, त्या दिवशी एकही पेटी उघडणार नाही, झाकणाला हातसुद्धा लावणार नाही. तो दगड त्यांनी हलवलेला नाही. अप्पांची दहा पावलं आहेत, चिमणीची बारा-तेरा भरतील. तिला सांग, तिथून पुढे जायचं नाही, आजोबाही जात नव्हते. आणि आजोबांनी तिथे बसून काय पाहिलं असेल ते तिने मला सांगावं. मला माशा फक्त माशाच दिसतात.

आता तुम्ही येईपर्यंत मी तिकडे जाणं बंद केलंय. त्याआधी नेसलेली दोन्ही पातळं गरम पाण्यात काढली, साबणाने. दारात उभी राहिली तर मलाही तिला जवळ घेता आलं पाहिजे. चौदा वर्षांची पोर घेऊ देते की नाही तो प्रश्न वेगळा.

तुझी खोली झाडून ठेवलीय. या वेळी पाणी पिऊन जा. जेवायला थांबलास तर भांडायलाही वेळ मिळेल, आणि ते आपल्याला समोरासमोर करायचं आहे.

गाडी किती वाजता येते ते कळव. आणि चिमणी केळं खाते का अजून, तेही. आधी तिला पेट्या दाखवून आणू. मग घरी येऊन तिची आंघोळ होऊ दे, कपडे बदलू दे, मी स्वतः तिचे हात धुवीन, आणि मग टेबलाशी बसवून देईन. अर्धं राहिलंय तिचं माझ्याकडे.

तायडी